मशीन आले, पण वही कुठे आहे?



मध्यंतरी चिखलीहून एक तरुण आमच्या घरी आले. आयटीआय झालेले, सहा वर्षे काँक्रीट पंपावर ऑपरेटर. म्हणाले, "दादा, दुसऱ्याचा पंप किती दिवस चालवायचा? आता स्वतःचा घेतो. आईच्या नावावरचे घर तारण देतो. तुम्ही कॉमर्सवाले, कर्जाचे कागद तेवढे बघून द्या." कागद आम्ही पाहिले. मग विचारले, "मशीनची किंमत सांगितलीत, हप्ता सांगितलात. पण वही कुठे आहे?" ते गप्प झाले. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासारख्या आपल्या अनेक मुलांसाठी, हा आठवडा आम्ही या धंद्याला देत आहोत.

काँक्रीट आपल्या लोकांना नवे नाही. स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत मिक्सरपासून वरच्या मजल्यापर्यंत माणसांची रांग लागायची आणि घमेले हातोहात वर जायचे. त्या रांगेत आपल्या आया-मावश्या होत्या. आज पुणे, पिंपरी-चिंचवडकडे तयार काँक्रीट गाडीतून येते, पंपाच्या हॉपरमध्ये पडते आणि पाइपातून थेट वर जाते. दुबईच्या बुर्ज खलिफा इमारतीत २००८ साली पंपाने ६०६ मीटर उंचीपर्यंत काँक्रीट चढवले. रावेत-वाकडच्या वीस मजल्यांना त्यामानाने फार लहान पंप पुरतो.

यंत्राची रीत सोपी आहे. दोन सिलिंडर असतात. एक हॉपरमधून माल ओढतो, त्याच वेळी दुसरा माल पाइपात ढकलतो, आणि मधली नळी क्षणाक्षणाला जागा बदलते. पाइप बहुधा १२५ मिलिमीटर व्यासाचा असतो. एक मीटर पाइपात सुमारे १२ लिटर, म्हणजे जवळजवळ ३० किलो काँक्रीट मावते. शंभर मीटर लाइन टाकली तर सव्वा घनमीटर माल लाइनीतच राहतो. तो कोणाच्या खात्यावर, हे आधी ठरले नसेल तर काम संपताना भांडण ठरलेले.

आता आमच्या माहितीतल्या एका बंधूंची हकिगत सांगतो. नाव देत नाही, पण एक एक आकडा आमच्या डोळ्यांसमोरचा आहे. त्यांची आई घमेल्याच्या रांगेतली. ते स्वतः पंपावर हेल्पर म्हणून लागले, क्लॅम्प आवळता आवळता ऑपरेटर झाले. २०१६ साली त्यांनी एक जुना पंप घेतला. हात कसलेला होता, लाइन कधी चोक होईल हे त्यांना आवाजावरून कळे. कामे मिळू लागली. २०१८ मध्ये एका बिल्डरने सांगितले, "दुसरे मशीन आणा, वर्षभराचे काम देतो." हे सारे तोंडी. त्यांनी आईचे घर तारण ठेवून दुसरा पंप आणला.

पहिले चार महिने बिले मिळाली. पुढे "पुढच्या आठवड्यात या" सुरू झाले. २०१९ च्या पावसाळ्यात कामे थंडावली, दोन्ही मशीनचे हप्ते मात्र थंडावले नाहीत. बँकेचे पत्र आले तेव्हा ते आमच्याकडे आले. सोबत पिशवीभर चलने, काही सही असलेली, काही नसलेली. वहिनी आणि आम्ही तीन रात्री बसून ती लावली. येणे निघाले मोठे. पण त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या चलनांवर साइटवरच्या कोणाचीच सही नव्हती. त्या बिल्डरने तेवढेच धरून ठेवले, आणि शेवटी तडजोडीत जे मिळाले ते घ्यावे लागले.

आम्ही सल्ला दिला, दुसरा पंप विका. त्यांना तो अपमान वाटला. "लोक काय म्हणतील, वर गेला आणि खाली आला?" तेव्हा त्यांची आई म्हणाली, "पोरा, लोक माझं घर सोडवायला येणार हायत का? इक ते मशीन." विकले. तोटा सोसून विकले. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. साइट बंद, मजूर गावाला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण व्याज चालूच होते. दोन मशीन असती तर त्या व्याजाने घर गेले असते. एक होते म्हणून निभावले.

त्या तीन रात्रींत जे शिकलो, ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, काम असो वा नसो, खर्च किती? समजण्यापुरते आकडे धरू. हप्ता ७० हजार, पगार ५० हजार, विमा, जागाभाडे व किरकोळ ३० हजार. झाले दीड लाख. आता घनमीटरला दर २०० रुपये धरा. त्यातून डिझेल व झिजणारे भाग यांचे ८० वजा करा. उरले १२०. दीड लाख भागिले १२०, म्हणजे १२५० घनमीटर काम झाले तेव्हा कुठे आपण शून्यावर आलो. रोज १०० घनमीटर धरले तर तेरा दिवस फुकट गेले. समोरच्याने घासाघीस करून दर २० रुपयांनी तोडला तर हेच काम १५०० घनमीटर होते, म्हणजे पंधरा दिवस. वीस रुपये दिसायला किती लहान! म्हणून तुमचा आकडा तुम्ही आधी काढा, मग "परवडते" म्हणा.

दुसरी गोष्ट, झीज. खडी-वाळू पाइपाला, बेंडला, पिस्टनच्या रबराला रोज खाते. ती आज दिसत नाही, एक दिवस एकदम दिसते. आम्ही कॉमर्सवाले त्याला घसारा म्हणतो. प्रत्येक घनमीटरमागे ठरावीक रुपये वेगळ्या खात्यात टाकावे आणि त्या खात्याला लग्नकार्यातही हात लावू नये.

तिसरी गोष्ट, कागद. दर घनमीटरचा की महिन्याचा, डिझेल कोणाचे, कमीत कमी किती घनमीटरचे बिल, गाड्या उशिरा आल्या तर थांबल्याचे काय, लाइन धुवायला पाणी व जागा कोण देणार, हे सारे एका कागदावर असावे. चलनावर त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सही घ्यावी. सही नाही तर दुसऱ्या दिवशी पंप नाही. हे बोलायला जड जाते, पण एकदा बोलले की समोरचा मान देतो.

चौथी गोष्ट, जीएसटी. बिल फाडले की कर देणे लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. अडीच लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी ४५ हजार होतात. खरेदीवरच्या कराची वजावट मिळते, पण उरलेला वेळेवर भरावाच लागतो. कराची रक्कम आपली नव्हे, ती आल्या दिवशीच बाजूला काढावी.

पाचवी गोष्ट, उद्यम नोंदणी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते, आणि दाद मागायला परिषद आहे. पण नोंदणी आधी, काम नंतर. आमच्या या बंधूंनी नोंदणी नंतर केली, म्हणून जुन्या बिलांना तिचा उपयोग झाला नाही. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणात खात्यांच्या व सरकारी कंपन्यांच्या खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेण्याचे उद्दिष्ट आहे. नोंदणीच नसेल तर तो हिस्सा कागदावरच राहतो. पुण्यातच २००५ साली दलित उद्योजकांचे चेंबर, डिक्की, उभे राहिले. अशा ठिकाणी जाऊन विचारण्यात कमीपणा नाही.

सहावी गोष्ट सर्वांत मोठी, माणूस. लाइन चोक झाली की घाई होते. साइटवरचे ओरडतात, माल घट्ट होत असतो. अशा वेळी दाब न उतरवता क्लॅम्प उघडला तर आतला माल गोळीसारखा सुटतो. डोळा जातो, जीव जातो. आधी पंप उलटा फिरवून दाब उतरवा, पाइप ठोकून चोक कुठे आहे ते ओळखा, मगच हात लावा. हवेने लाइन साफ करताना तोंडाशी कोणी उभे राहू नये. बूम पंप असेल तर विजेच्या तारांपासून लांब ठेवा, आणि त्याचे पाय ताज्या भरावावर टेकवू नका. एक स्लॅब वाया गेला तर भरून निघतो.

हेल्परांचा विमा उतरवा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराची राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद होते. ती करून देणे मालकाला जड नाही. कालपर्यंत आपणच हेल्पर होतो, हे विसरू नये.

त्या बंधूंनी दुसरा पंप पुन्हा घेतला तो २०२२ मध्ये. पण या वेळी सहा हप्त्यांइतकी रक्कम बँकेत ठेवून, तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे लेखी काम हाती घेऊन, आणि घर तारण न ठेवता. वही आता वहिनींकडे आहे. त्या बारावी झालेल्या. त्यांनी सही नसलेले चलन स्वीकारायचे बंद केले, तेव्हापासून ऑपरेटरही शिस्तीत आले. धंदा वाढला तो मशीनमुळे थोडा आणि वहीमुळे फार, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

एक प्रसंग राहून राहून आठवतो. नवा पंप मोशीच्या साइटवर लागला त्या दिवशी त्यांनी आईला पाहायला नेले. दुपारपर्यंत सगळा स्लॅब भरून झाला. वर मोजकी सात-आठ माणसे. ती माउली बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "चांगलं झालं बाबा. मान मोडत नाही कुणाची. पण आमच्या रांगेतल्या बाया आता कुठं गेल्या?" मुलाला उत्तर देता आले नाही. आम्हालाही आलेले नाही.

मशीन थांबवावे असे आम्ही म्हणणार नाही. घमेल्याने कोणाचे भले झाले नाही. पण ज्याच्या घरात पंप आला, त्याने त्या रांगेतल्या एका तरी घरातल्या मुलीला वही शिकवावी, एका मुलाला पंप शिकवावा. त्या बंधूंकडे आज हिशेबाला वहिनींच्या हाताखाली एक मुलगी आहे. तिची आजी त्याच रांगेत होती.

चिखलीच्या त्या तरुणाला आम्ही एक कोरी वही दिली आणि सांगितले, तीन महिने मालकाच्या पंपावर रोज किती घनमीटर गेले, किती डिझेल लागले, किती तास मशीन नुसते उभे राहिले, ते लिहा. मग कर्जाचे बोलू. ते थोडे हिरमुसले. पण परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, "दादा, महिन्यात नऊ दिवस मशीन नुसतं उभं होतं. मला वाटलं होतं दोन-तीन."

वही बोलू लागली आहे. घर अजून आईच्याच नावावर आहे, मोकळे आहे. जयभीम.