तुंब्याविना चाक आणि नाशिकचे गणित

विजेवर चालणाऱ्या वाहनांची चर्चा आपल्याकडे बॅटरीपासून सुरू होते आणि चार्जिंग केंद्रांपाशी येऊन थांबते. वाहनातील मोटर नेमकी कोठे बसवावी, हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून बाजूला ठेवला जातो. नाशिकसारख्या शहराला मात्र तो बाजूला ठेवणे परवडणारे नाही. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील कित्येक लहान कारखान्यांची गुजराण वाहनांच्या सुट्या भागांवर होते. मोटर थेट चाकातच गेली, तर इंजिनाबरोबर क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल यांचीही गरज उरत नाही. मग त्या चाकात नवे काय येणार आणि त्यातले काय नाशिकमध्ये घडवता येईल, याचा हिशेब आताच मांडणे भाग आहे.

नाशिकच्या वाहन उद्योगाची घडण डिझेलभोवती झाली. आधी ‘मायको’ या नावाने घराघरांत पोहोचलेली आणि २००८ पासून ‘बॉश’ म्हणून ओळखली जाणारी कंपनी येथे डिझेल इंजिनाचे नोझल व इंजेक्टर बनवत आली. महिंद्रचा वाहन कारखाना सातपूरला, तर इंजिनाचा कारखाना इगतपुरीला. या मोठ्या कारखान्यांना माल पुरवता पुरवता शेकडो लहान उद्योजक तयार झाले. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज-६’ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली आणि त्याच मुहूर्तावर मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. लहान मोटारींतून डिझेल हद्दपार होऊ लागल्याची ती स्पष्ट खूण होती. ट्रक आणि ट्रॅक्टरमुळे डिझेलचे दिवस अजून पुष्कळ उरले असले, तरी दुचाकी व तीनचाकी वाहनांतील बदल वेगाने होत आहे आणि या वाहनांत इंजेक्टरला जागाच नाही.

चाकातील मोटर ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियातील लोनर कंपनीसाठी तरुण फर्डिनांड पोर्श यांनी तयार केलेली विजेची मोटार १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांत मोटरी होत्या. १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेतील अंतराळवीरांनी चंद्रावर चालवलेल्या गाडीच्या चारही चाकांना प्रत्येकी पाव अश्वशक्तीची स्वतंत्र मोटर होती. आज भारतातील अनेक विद्युत स्कूटरच्या मागच्या चाकात अशीच मोटर असते. टीव्हीएसने जानेवारी २०२० मध्ये बाजारात आणलेली ‘आयक्यूब’ हे त्याचे परिचित उदाहरण.

या कल्पनेचे पुढचे पाऊल म्हणजे तुंबाच नसलेले चाक. बैलगाडीच्या चाकात मध्यभागी तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि त्यांच्या टोकांवर बसवलेली धाव अशी रचना असते. सारा भार आसातून तुंब्यावर आणि तुंब्यातून आऱ्यांवर येतो. तुंबारहित चाकात आस, तुंबा आणि आरे तिन्ही जातात. उरते ते फक्त कडे. या कड्याचा आतला भाग वाहनाला घट्ट जोडलेला असतो आणि त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. बाहेरच्या, फिरणाऱ्या भागावर चुंबक आणि त्याच्यावर टायर. मधली जागा मोकळी राहते आणि पाहणारा थक्क होतो. स्वित्झर्लंडमधील आरेखनकार फ्रँको स्बारो यांनी १९८०च्या दशकातच अशी चाके लावलेली वाहने दाखवली होती. पण तेव्हा मोटर चाकात नव्हती. फिनलंडमधील ‘व्हर्ज’ कंपनीच्या मोटरसायकलीत मोटर आणि कडे एकरूप झाले आहेत.

या रचनेचा खरा लाभ दिसण्यापेक्षा यंत्रशास्त्रात आहे आणि तो साध्या अंकगणितानेही पटतो. स्कूटर आणि तिच्यावरील दोन माणसे मिळून २४० किलो वजन धरू. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या घाटात ही स्कूटर वर न्यायची, तर टायर जमिनीला जेथे टेकतो तेथे सुमारे २४ किलो वजनाइतका जोर लागतो. चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर असेल आणि मोटरमधील चुंबक मध्यापासून १० सेंटिमीटरवर असतील, तर चुंबकांना ६० किलोइतका जोर लावावा लागेल. तेच चुंबक २० सेंटिमीटरवर, कड्याजवळ नेले तर ३० किलो पुरतात. शिवाय परीघ दुप्पट झाल्याने तो जोर दुप्पट जागेवर वाटला जातो. म्हणजे रुंदी तीच राहिली, तर चुंबकाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा ताण चौथाईवर येतो. गिअर न लावता घाट चढण्याची ताकद मिळते ती येथून. व्हर्जच्या मोटरसायकलीला १,००० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, असे कंपनी सांगते. त्यामागे हेच तत्त्व आहे.

परंतु यंत्रशास्त्रात काहीही फुकट मिळत नाही. पहिली किंमत मोजावी लागते ती बेअरिंगमध्ये. नेहमीच्या चाकातील बेअरिंग जेमतेम दोन सेंटिमीटरच्या आसावर फिरते. वाहन ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असताना या बेअरिंगच्या पृष्ठभागाचा वेग ताशी अडीच किलोमीटरही नसतो. तुंबारहित चाकात बेअरिंगचा व्यास ४० सेंटिमीटर झाला, की हाच वेग ताशी ४८ किलोमीटरवर जातो. वंगण, झीज, आवाज आणि उष्णता यांचे सारे हिशेब बदलतात. दुसरी किंमत सीलची. पाणी आणि धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याची लांबी सहा-सात सेंटिमीटरवरून सव्वाशे सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि तीही चाकाच्या दोन्ही बाजूंना. सील सैल ठेवले तर पाणी शिरते, घट्ट केले तर घर्षणात वीज वाया जाते. इगतपुरीच्या पावसात ही अडचण कागदावरची राहत नाही.

तिसरी किंमत फटीची. मोटरचा स्थिर भाग आणि फिरणारा भाग यांच्यात साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असते. लहान तुंब्यात ते राखणे सोपे. ४० सेंटिमीटरच्या कड्यात, तेही खड्ड्यात आदळणाऱ्या, राखणे फार कठीण. कडे अर्धा मिलिमीटर जरी वाकले तरी चुंबकांची ओढ एका बाजूला वाढते आणि दोन्ही भाग एकमेकांना घासण्याचा धोका निर्माण होतो. चौथी किंमत वजनाची. शॉक अॅब्सॉर्बरच्या खाली असलेले वजन जितके अधिक, तितके चाक रस्त्याला कमी चिकटून राहते आणि धक्का अधिक बसतो. मोटर चाकात घातली की तिचे सारे वजन शॉक अॅब्सॉर्बरच्या खाली जाते. मुंबई-नाशिक महामार्गावरील पावसाळ्यातले खड्डे ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

जगाचा अनुभवही असाच संमिश्र आहे. चारही चाकांत मोटरी असलेली नेदरलँड्समधील ‘लाइटइयर’ ही मोटार २०२२ च्या अखेरीस बनू लागली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अशाच रचनेचा ट्रक बनवणाऱ्या अमेरिकेतील ‘लॉर्ड्सटाउन’ कंपनीने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. या दोन्ही कंपन्या मोटरमुळे बुडाल्या असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भांडवल आणि मागणी यांचे गणितच जमले नव्हते. तरीही नवे तंत्र आणि नवी कंपनी अशी दुहेरी जोखीम बाजाराला पेलली नाही, एवढे खरे. व्हर्जची मोटरसायकल अमेरिकेत सुमारे ३० हजार डॉलरना विकली जाते. ती हौसेची वस्तू आहे. २००७ साली महिंद्रसोबत नाशिकमध्ये ‘लोगान’ बनवणाऱ्या रेनोने ‘रेनो ५ टर्बो ३ई’ या मोटारीच्या मागच्या दोन्ही चाकांत मोटरी बसवण्याचे जाहीर केले, पण तेही फक्त १,९८० मोटारींच्या मर्यादित मालिकेसाठी. हे तंत्र अजून श्रीमंतांच्या अंगणातच वावरते आहे.

यात आणखी एक पेच आहे तो चुंबकांचा. कड्याचा परीघ वाढला की चुंबकही वाढतात आणि हे चुंबक निओडिमियमसारख्या दुर्मीळ मूलद्रव्यांपासून बनतात. त्यांच्या बाजारावर चीनची पकड आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या मूलद्रव्यांच्या व चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच त्याची झळ पुण्यात पोहोचली. ‘चेतक’चे उत्पादन घटवण्याची वेळ बजाज ऑटोवर आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी देशातच वर्षाला सहा हजार टन चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली खरी, पण कारखाने उभे राहून त्यांतून माल बाहेर पडण्यास काही वर्षे जातील. तोपर्यंत अधिक चुंबक खाणारी रचना निवडणे म्हणजे परावलंबन वाढवणे होय.

मग नाशिकने या चाकाकडे पाठ फिरवावी काय? तसे करणे चुकीचे ठरेल. वर सांगितलेल्या अडचणींची यादी पुन्हा पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. बेअरिंगचे कडे, फटीची अचूकता, सीलचे खोबण, अॅल्युमिनियमचे ओतकाम ही सारी कामे यांत्रिक अचूकतेची आहेत. डिझेल इंजेक्टरमध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हिशेब सांभाळणारे कारागीर या शहरात दोन पिढ्यांपासून आहेत. ओझरला विमाने बांधली जातात. अंबड आणि सातपूरमध्ये विद्युत उपकरणे बनवणारे कारखाने असल्याने तांब्याचे वाइंडिंग आणि सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांचे कामही येथे नवे नाही. यंत्रकाम आणि वीजकाम ही दोन्ही कौशल्ये एकाच गावात नांदत असण्याचा योग सर्वत्र नसतो. आजवर ती एकमेकांच्या शेजारी राहिली. एकाच टेबलाभोवती मात्र क्वचितच बसली.

सुरुवात कोठून करावी, याचे उत्तरही जिल्ह्यातच आहे. शॉक अॅब्सॉर्बरखालच्या वजनाचा त्रास वेगाबरोबर वाढतो. ताशी दहा-पंधरा किलोमीटरने चालणाऱ्या वाहनाला तो जवळजवळ जाणवत नाही. चंद्रावरील गाडीही साधारण याच वेगाने चालली होती. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतील ओळींमधून फिरणारे फवारणी यंत्र, लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांच्या आवारातील मालगाडे, कारखान्यांतील ट्रॉल्या ही या तंत्राची नैसर्गिक जागा आहे. तेथे वेग कमी आणि ओढ जास्त लागते. मोठ्या व्यासाची, गिअर नसलेली मोटर नेमके हेच काम उत्तम करते. बागेतील अरुंद वाटेवर मधला दांडा आणि डिफरन्शियल नसणे हीच सोय ठरते. अशा यंत्राला मधोमध पोकळ दिसणारे चाक लागत नाही; कड्याजवळ आणलेली मोटर पुरते. तुंबा काढून टाकण्याचा सोस सोडला आणि त्यामागचे तत्त्व तेवढे घेतले, तर बेअरिंग आणि सीलच्या निम्म्या अडचणी तेथेच संपतात.

त्यानंतरचा प्रश्न चाचणीचा. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये कंटेनरमधून नेल्या जात असलेल्या विद्युत स्कूटर पेटल्या आणि त्या वर्षीच्या देशभरातील अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक करावे लागले. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने अमलात आले. आधी अपघात आणि मग नियम हा क्रम चाकाच्या बाबतीत परवडणारा नाही. बॅटरी बंद पडली तर वाहन थांबते. धावते चाक अडकले तर माणूस फेकला जातो. खड्ड्यांत लाखो वेळा आदळणे, पाण्यात बुडणे, घाट चढताना तापणे आणि लगेच थंड पाण्यात शिरणे यांची चाचणी घेण्याची सोय लहान उद्योजकाला स्वतःच्या खर्चाने उभारता येत नाही. पुण्यातील एआरएआय ही संस्था १९६६ पासून हे काम करते. पण प्रत्येक सुधारित नमुना घेऊन पुण्याला जाणे लहान कारखान्याला वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी जड जाते. शिलापूर येथे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक प्रयोगशाळा उभी राहिली आहे. तिला जोड म्हणून चाकातील मोटरसाठी चाचणीमंच उभारणे निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांनी मनावर घेतले, तर अशक्य नाही.

राज्य सरकारने २०२५ साली मंजूर केलेल्या विद्युत वाहन धोरणात १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि तिचा भर खरेदीदाराला सवलत, टोलमाफी आणि चार्जिंगच्या सोयी यांवर आहे. त्यातून वाहने रस्त्यावर येतील. ती कोण घडवणार, हे मात्र त्यातून ठरणार नाही. सुटे भाग परदेशातून आणून जोडणी तेवढी येथे केली, तर सवलतीच्या पैशाचा मोठा वाटा बाहेर जाईल आणि लेथवर उभा असलेला कामगार होता तेथेच राहील. सवलतींच्या रकमेतील लहानसा हिस्सा जरी सामायिक चाचणीमंच, साचे आणि कुशल कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणाकडे वळवला, तरी त्याचा परिणाम अधिक काळ टिकेल.

तुंबारहित चाक उद्याच्या रस्त्यांवर सर्रास दिसेल की प्रदर्शनाची शोभा होऊन राहील, याचे भाकीत करण्याची घाई नको. डिझेलच्या भरवशावर उभे राहिलेले कौशल्य नव्या कामाला लावण्यासाठी हाती असलेली वर्षे मोजकी आहेत आणि चाकाचे कडे, त्यातील फट व ती सांभाळणारे बेअरिंग ही नाशिकच्या हाताला जमणारी कामे आहेत. ती मागण्यासाठी कोणी दार ठोठावेल याची वाट पाहायची की द्राक्षबागेतल्या गाड्यापासून स्वतःच सुरुवात करायची, हे सातपूर आणि अंबडच्या उद्योजकांनी आणि त्यांना आधार देणाऱ्या सरकारने ठरवायचे आहे.