पंचनाम्यात नसलेला रकाना



सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा पंचनाम्यासाठी बांधावर फिरत होतो. सोयाबीन कुजले होते. एका घरी सारे लिहून झाल्यावर घरधनी म्हणाले, "साहेब, पिकाचं लिहून घेतलंत. पोराच्या सायकलीचं कुठं लिहायचं?"

मुलगा आठवीत. पायांनी अधू. तीनचाकी सायकलीवरून शेजारच्या गावच्या शाळेत जायचा. पुरात चाक वाकले, बेअरिंगमध्ये गाळ गेला. फॉर्मात तसा रकाना नव्हता. मीही हळहळलो आणि पुढच्या बांधावर गेलो. ही चूक माझी.

दुरुस्तीचा खर्च दोन हजारांच्या आत होता. पण त्या घरात तेव्हा दोनशेही नव्हते. आठवीतल्या पोराला आई पाठीवर घेऊन किती चालणार? पोर घरी बसले. ग्रामपंचायतीकडून मदत मिळाली ती मार्चअखेर, परीक्षा तोंडावर आल्यावर. पीक वाळल्यावर पाटाला पाणी सोडावे, तसे झाले.

मंडळी, पैसा नाही असे नाही. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे मिळून गावाचे उत्पन्न समजा ४ लाख असेल, तर २० हजार रुपये होतात. काही गावांत ते वर्षअखेरीस सरसकट वाटून टाकतात. वाटप चुकीचे नाही. पण नड मार्चची वाट पाहत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. या रकमेचा चौथा हिस्सा, म्हणजे आपल्या उदाहरणात ५ हजार रुपये, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या तातडीच्या गरजेसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळा ठेवावा. सायकलीची दुरुस्ती, श्रवणयंत्राचे सेल, मुलाला पोहोचवणाऱ्याचे एसटीभाडे, असल्या कामांना तो आठवड्याच्या आत मिळावा. वर्षअखेर शिल्लक राहिला तर नेहमीप्रमाणे वाटावा.

त्यासाठी तीन कामे करा.

१. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांना आधी भेटा.

२. मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र काढले नसेल तर आत्ताच काढा. संकट आल्यावर कागदासाठी धावाधाव नको. एक प्रत शाळेत ठेवा. घरातली भिजली तरी ती राहील.

३. गावात अशी मुले किती, कुणाला कोणते साधन लागते, याची यादी मुख्याध्यापकांकडून घेऊन पंचायतीत ठेवा.

हे उपकार नव्हेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण शाळा मोफत असून शाळेपर्यंत जाता येत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

दुष्काळात आपण पोटाला चिमटा घेतो, पण बियाण्याचे पोते दळायला काढत नाही. घरातले अधू लेकरूही बियाणेच आहे. ओढगस्त आली की पहिली शाळा त्याचीच सुटते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

माझ्या वहीत आता शेवटच्या पानावर हाताने एक रकाना आखला आहे. पुढच्या वेळी बांधावर आलो, की तोही विचारीन.

तुमचा,
विस्तार अधिकारी