फ्लॉरेन्सहून काय आणावे?

युरोपच्या अभ्यासदौऱ्यावर निघालेला कलाशाखेचा विद्यार्थी फ्लॉरेन्सला पोहोचतो, तेव्हा त्याच्या हाती भरगच्च कार्यक्रमपत्रिका असते. सकाळी उफ्फिझी कलादालन, दुपारी मायकेलँजेलोचा ‘डेव्हिड’, सायंकाळी ब्रुनेलेस्कीने उभारलेला कॅथेड्रलचा घुमट. शेकडो छायाचित्रे निघतात आणि दौरा पुढच्या शहराकडे वळतो. पालकांच्या कष्टाचा पैसा खर्चून झालेल्या या दौऱ्याचे फलित कोणते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

वास्तविक फ्लॉरेन्समधील सर्वांत मोठा वस्तुपाठ कोणत्याही चौकटीत टांगलेला नाही. तो १७३७ सालच्या एका करारात आहे. त्या वर्षी मेदिची घराण्याचा शेवटचा सत्ताधीश निपुत्रिक वारला आणि टस्कनीचे राज्य परक्या लोरेन घराण्याकडे गेले. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चित्रे, शिल्पे आणि ग्रंथ नव्या राज्यकर्त्याबरोबर परदेशी जाण्याचा धोका समोर उभा होता. अशा वेळी त्या घराण्याची अखेरची वारस आना मारिया लुइझा हिने सारा संग्रह राज्याच्या स्वाधीन केला. पण एका अटीवर. यातील एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. आज जगभरचे लोक त्या शहरात रांगा लावतात, त्यामागे त्या एका स्त्रीची दूरदृष्टी आहे. राज्य गेले, घराणे संपले, पण ठेवा राहिला.

दुसरा धडा १९६६चा. ४ नोव्हेंबर रोजी आर्नो नदीच्या महापुराने शहर बुडाले. सांता क्रोचे चर्चमधील चिमाबुएच्या प्राचीन क्रूसचित्राचे रंग वाहून गेले, राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ चिखलात रुतले. त्या वेळी देशोदेशीचे विद्यार्थी धावून आले. गुडघाभर चिखलात साखळी करून त्यांनी एकेक ग्रंथ बाहेर काढला. लोकांनी त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटले. त्याच पुरात भिजलेले वासारीचे ‘अंतिम भोजन’ हे चित्र तब्बल ५० वर्षांनी, २०१६ साली, पुन्हा सांता क्रोचेत लागले. अर्धशतक एका चित्राचा पाठपुरावा करणारा समाज कसा घडतो, याचे उत्तर शोधणे हाच खरा अभ्यास होय.

यावर कोणी म्हणेल, जतनाचे हे तंत्र युरोपचे. ते त्यांच्याकडूनच घ्यावे. अवश्य घ्यावे, परंतु डोळसपणे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या संवर्धनासाठी निजाम सरकारने १९२० साली इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. सुटू पाहणारे रंगाचे पापुद्रे त्यांनी स्थिर केले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळट, काळपट पडला आणि तो दूर करण्याचे किचकट काम पुढे भारतीय रसायनतज्ज्ञांना करावे लागले. आपल्या भिंतीचा पोत, आपली हवा, आपले रंग जाणणारी माणसे आपल्यातूनच तयार व्हावी लागतात. परदेशी विद्या त्यांच्या हाती साधन म्हणून शोभते. ती त्यांची जागा घेऊ शकत नाही.

अभ्यासदौऱ्याची परंपरा आपल्याकडे नाही, असेही नव्हे. १८७२पासून मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या प्रतिकृती करीत बसले. लंडनला नेलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५च्या आगीत नष्ट झाल्या. पण लेण्यांतील अपुऱ्या उजेडात एकेक रेषा न्याहाळताना त्या तरुणांची जी नजर घडली, ती कोणती आग जाळणार?

आजच्या किती विद्यार्थ्यांनी उफ्फिझीच्या आधी अजिंठा असा बसून पाहिला आहे? मेणवलीच्या वाड्यातील मराठाकालीन भित्तिचित्रे किती जणांना ठाऊक आहेत? परदेशी जाण्यास विरोध करण्याचे कारण नाही. जग पाहिलेच पाहिजे. मात्र घरचे पाहून निघालेल्यालाच परक्याच्या घरातले मोल कळते. कलामहाविद्यालयांनी परदेश दौऱ्यापूर्वी लेण्यांतील आणि वाड्यांतील प्रत्यक्ष काम अनिवार्य करावे. परतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एका तरी वास्तूची सविस्तर नोंद करावी. फ्लॉरेन्सहून आणायची तर ती छायाचित्रे नव्हेत. आपला ठेवा आपल्या हयातीत नष्ट होऊ देणार नाही, हा निर्धार आणावा.