जळालेल्या लेकराला ‘सवय’ नसते

जळालेल्या लेकराची पट्टी बदलताना वॉर्डात काय आक्रोश होतो, हे ज्याने ऐकले त्याला आमचे म्हणणे लगेच कळेल. आम्ही एका सरकारी रुग्णालयात ऐकले. चिकटलेले गॉज ओढायचे, मेलेली कातडी काढायची, आणि हे रोज किंवा दिवसाआड. आई दाराबाहेर, पदर तोंडात कोंबून. आतून एकजण म्हणाला, “यांच्या पोरांना सवय असते.” ‘यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे आम्हाला विचारावे लागले नाही.

अशाच रुग्णांसाठी हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटर्सन यांनी अमेरिकेत सिएटल इथे ‘स्नोवर्ल्ड’ तयार केले. डोळ्यांवर व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट, आत बर्फाची दरी. मूल बर्फाचे गोळे मारत राहते आणि इकडे पट्टी बदलली जाते. लक्ष खेळात गुंतले की जखमेकडे कमी उरते, म्हणून वेदनाही कमी जाणवते. हे हेडसेट आता साध्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळतात.

काही मित्र म्हणतात, इथे धड मलम नाही आणि तुम्हाला हेडसेट हवेत? आधी मूलभूत सोयी, मग बाकीचे, हे आमच्या वस्त्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकले आहे. खोलीतच चूल, खोलीतच आंघोळीचे उकळते पाणी, खोलीतच रांगते लेकरू. भाजतात आमचीच लेकरे, आणि थांबायचेही त्यांनीच?

पण आमची भीती दुसरी आहे. सिएटलमध्ये हेडसेट मॉर्फिनसारख्या औषधांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. भारत कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. तरी १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकाने रुग्णालये मॉर्फिनला हात लावायला कचरू लागली. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची कटकट कमी केली, सवय मात्र गेली नाही. उद्या हेडसेटचे उद्घाटन होईल, फोटो छापून येईल आणि इंजेक्शन कपाटातच राहील.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९२९ सालची काठेवाडची हकिकत दिली आहे. अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. उपकरण पोचले, डॉक्टरचा हात पोचला नाही. ती बाई वाचली नाही.

म्हणून मेडिकल आणि मेयोच्या अधिष्ठात्यांकडे आमची मागणी एकत्र आहे. पट्टीआधी पुरेसे वेदनाशामक द्या, सोबत हेडसेट द्या, आणि प्रत्येक मुलानंतर तो निर्जंतुक करा. खेळातला आवाज मराठी, हिंदी, गोंडी असू द्या. (बर्फ आमच्या पोरांनी पाहिलेला नाही, गोरेवाड्याचे जंगल चालेल.) पट्टीच्या आधी आणि नंतर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता लेकरासमोर धरा, त्याने बोट ठेवलेला आकडा केसपेपरवर लिहा, आणि तो केसपेपर आईला दाखवा.