परातीतले पाणी

चातुर्मास लागला की घराघरांत पहाटेच पाणी उकळण्याची लगबग सुरू होते. गाळलेले पाणी तीन उकळ्या येईपर्यंत तापवले जाते आणि लवकर निवावे म्हणून रुंद परातीत ओतून स्वयंपाकघराच्या लादीवर ठेवले जाते. रांगणाऱ्या मुलाच्या हाताला नेमकी येते ती हीच परात. कडेला धरून ते उभे राहू पाहते आणि परात कलंडते. वाफ दिसत नाही म्हणून पाणी निवले, असे मोठ्यांना वाटते. पण ६० अंश सेल्सिअसचे पाणीही मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची कातडी पातळ, त्यामुळे त्याला तेवढाही अवधी मिळत नाही. पाण्यात जीवजंतू पडू नये म्हणून जी जयणा पाळली जाते, ती रांगत्या लेकराला आधी लागू व्हावी. परात ओट्यावर, भिंतीच्या बाजूला ठेवावी. ओटा अपुरा असेल तर पाणी निवेपर्यंत दार लावून घ्यावे.

तरीही अपघात घडलाच, तर धावत जाऊन टूथपेस्ट, तूप वा हळद आणली जाते. कुणी बर्फ चोळतो. यातले काहीही लावू नये. भाजलेला भाग साध्या गार पाण्याच्या धारेखाली पूर्ण २० मिनिटे धरावा. त्याच वेळी कपडे, हातातली कडी, पायातले वाळे सूज येण्याआधी काढावेत. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. उरलेले अंग कोरड्या पंचाने झाकून ऊबदार ठेवावे. नंतर जखमेवर स्वच्छ ओले नसलेले कापड सैल पांघरून मुलाला रुग्णालयात न्यावे. तान्हे बाळ असेल, चेहरा, हात वा जांघ भाजली असेल किंवा फोड आले असतील, तर जराही चालढकल नको.

पुष्कळ घरी ही २० मिनिटे दुकानातून गाडी येण्याची वाट पाहण्यात आणि सुनेला बोल लावण्यात सरतात. काही घरी नळ दोन मिनिटांतच बंद होतो. वाहते पाणी म्हणजे अप्कायाची विराधना, हा संस्कार हाताला थांबवतो. संस्कार चुकीचा नाही, पण येथे प्रश्न कातडी वाचवण्याचा आहे. नळाखाली बादली ठेवावी आणि धार चालू द्यावी. साठलेले पाणी संध्याकाळी लादी पुसायला कामी येते.