माइल्ड म्हणे!

आमच्या करमाळ्याकडे तंबाखूचे मुख्य प्रकार दोनच. एक चुना लावून, दुसरा विडीत भरून. त्यामुळे दिवाळीत एका मित्राचा दुबईचा भाऊ 'माइल्ड प्रीमियम' सिगार घेऊन आला, तेव्हा जेऊर रस्त्याच्या वस्तीवर रीतसर टेस्टिंग कमिटी बसली. ओढणारे तिघे. मी ओढत नाही, म्हणून रीडिंग घ्यायला!

मित्रांनो, तपासायची पद्धत मात्र मला आवडली. वरचं पान फिकट, गुळगुळीत. कनेक्टिकट जातीचं हे पान कापडाच्या सावलीत वाढवतात. पेटवण्याआधी नुसती हवा ओढून बघायची. मग जळती कड सरळ सरकते का, राख किती टिकते ते बघायचं. इथपर्यंत सगळं मोजता येतं. चवीला एकाला कॉफी लागली, दुसऱ्याला लाकूड, तिसऱ्याला ओला कडबा. एवढी एरर असली तर आमचे सर जर्नलवर सही करत नाहीत. मित्राच्या आजोबांनी दोन झुरके घेतले, "विझत नाही, चांगलीय" म्हणाले आणि आपली विडी पेटवली.

आता 'माइल्ड'चं. हा शब्द जिभेपुरता आहे. मोठ्या सिगारमध्ये ५ ते १७ ग्रॅम तंबाखू असते, सिगारेटमध्ये एक ग्रॅमसुद्धा नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी, त्यामुळे छातीत न घेताही निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं. हॉस्टेलवर फर्स्ट इयरच्या पोरांना "माइल्ड आहे रे, काही होत नाय" म्हणणाऱ्या सीनियर्सनी आधी केमिस्ट्रीची केटी काढावी.

मला जास्त खटकलं ते डबीवरचं 'हाताने वळलेली'. त्या शब्दाचे केवढे पैसे! मेसचा आठवडा निघाला असता. अहो, आमच्या जिल्ह्यात विडीसुद्धा हातानेच वळतात. सोलापुरात हजारो बायका, बऱ्याचशा तेलुगू भाषिक, मांडीवर सूप घेऊन बसतात. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. तपासणी तिथेही होते, फक्त कॉफीचा वास कुणी शोधत नाही. क्युबात १८६५ पासून सिगार वळणाऱ्यांना कारखान्यात मोठ्याने पेपर नि कादंबऱ्या वाचून दाखवायची पद्धत आहे. आमच्याकडे या बायकांना २००६ मध्ये कुंभारीला दहा हजार घरं मिळाली, तीही वर्षानुवर्षं मोर्चे काढून. सोलापूरकर त्याला नुसतं 'विडी घरकुल' म्हणतात.

विडी चांगली असं मी म्हणत नाही. तेंदूच्या पानातून हवा जात नाही, विडी विझते, म्हणून जोरजोरात ओढावी लागते आणि छातीची वाट लागते. वळणाऱ्या बाईच्या नाकातही दिवसभर तीच धूळ. पण सिगारला मार्क द्यायचेच असतील तर माझ्या रीडिंगप्रमाणे ड्रॉ, कड आणि राखेचे पूर्ण द्या. 'माइल्ड'चे शून्य. आणि 'हाताने वळलेली'चे जे काही मार्क द्याल, तेवढेच कुंभारीच्या मावशींनाही लावा.