खुर्ची कोणाची, माईक कोणाला?

डिसेंबर 2024 मध्ये नव्या विधानसभेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीवर वडाळ्याचे कालिदास कोळंबकर होते. 1990 पासून नऊ वेळा निवडून आलेले आमदार. हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनी सदस्यांना शपथ दिली आणि 9 डिसेंबरला राहुल नार्वेकर बिनविरोध अध्यक्ष झाले. नार्वेकर विधानसभेत पहिल्यांदा आले 2019 मध्ये. म्हणजे नवव्या टर्मच्या आमदाराला खुर्ची तीन दिवस, दुसऱ्या टर्मच्या आमदाराला पूर्ण कार्यकाळासाठी.

यात बेकायदा काही नाही. राज्यघटनेच्या 178 व्या कलमात अनुभवाची अट नाही. बहुमत ज्याचे, अध्यक्ष त्याचा. ज्येष्ठता कामी येते ती शपथविधीपुरती. मग उमेळ्यात राहून रोज नायगावहून लोकल पकडणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचा विचार का करायचा?

कारण कोणाला बोलायला किती वेळ मिळणार, कोणती लक्षवेधी लागणार, विरोधी पक्षनेत्याला मान्यता द्यायची की नाही, हे अध्यक्ष ठरवतो. पक्षांतर करणारा आमदार अपात्र आहे का, हेही तोच ठरवतो. शिवसेना जून 2022 मध्ये फुटली. अध्यक्षांचा निकाल 10 जानेवारी 2024 ला आला आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही.

माझ्या कामातले एक उदाहरण देतो. सर्व्हरवर अनेक कामे एकाच वेळी रांगेत असतात. प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा, हे शेड्यूलर ठरवतो. तो वजनदार कामांनाच पुढे काढत राहिला, तर लहान काम बंद पडत नाही, एररही दाखवत नाही. ते नुसते रांगेत पडून राहते. आम्ही त्याला 'स्टार्व्हेशन' म्हणतो, म्हणजे उपासमार. 288 जणांच्या सभागृहात 2024 ला 10 मुस्लिम आमदार निवडून आले, तेही वेगवेगळ्या पक्षांतून. लहान पक्षाच्या एकट्यादुकट्या आमदाराची गतही तीच. ज्यांची संख्या कमी, त्यांना निःपक्ष खुर्चीची गरज सर्वांत जास्त.

आणि कमी कोण, हे बदलत असते. जुलै 2021 मध्ये महाविकास आघाडीचे बहुमत असताना भाजपच्या 12 आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले गेले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला. त्या वेळी अध्यक्षपद रिकामेच होते, फेब्रुवारी 2021 पासून तब्बल 17 महिने. पुढे विधान परिषदेला तर जुलै 2022 ते डिसेंबर 2024 सभापतीच नव्हता. दोष एका पक्षाचा नाही.

काही जण म्हणतील, आपला माणूस तिथे बसला पाहिजे. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्षपद सर इब्राहिम रहिमतुल्ला यांनी भूषवले होते. 1931 मध्ये ते दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाचेही अध्यक्ष झाले. 1960 नंतर महाराष्ट्र विधानसभेला मात्र मुस्लिम अध्यक्ष मिळालेला नाही. ही खंत खरी आहे. पण आपल्या नावाचा अध्यक्षही पक्षाच्याच इशाऱ्यावर चालणार असेल, तर मोहल्ल्याच्या पदरात काय पडणार?

मागायचे ते नियम मागू. स्कॉटलंडच्या संसदेत अध्यक्ष गुप्त मतदानाने निवडतात आणि निवडून आल्यावर तो पक्षापासून दूर होतो. आपल्याकडेही गुप्त मतदानाचा नियम होता. डिसेंबर 2021 मध्ये तो बदलला. तो परत आणा. रिकामे पद भरायला मुदत घाला. अपात्रतेच्या अर्जांवर साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच सांगितले आहे, ते पाळा.

आमदार गावात उद्घाटनाला येतात, तेव्हा आपण रस्ता, पाणी आणि कब्रस्तानाच्या भिंतीबद्दल विचारतो. ते विचारूच. त्यासोबत एवढेही विचारू या: साहेब, गेल्या अधिवेशनात तुम्ही किती प्रश्न टाकले, त्यातले किती सभागृहात आले, आणि बाकीचे कोणी अडवले?